आधी त्यालाच सांगू

त्या रविवारी नदीवरचं धुकं थेट चर्चच्या आत आलं होतं. खिडक्या लावलेल्या होत्या, दार अर्धं लोटलेलं होतं, तरी मागच्या बाकांवरून पुढच्यांच्या पाठी पुसट दिसत होत्या. भर सकाळी दिवे लावावे लागले होते आणि प्रत्येक दिव्याभोवती सायीसारखं एक कडं धरलं होतं. अशा सकाळी माणूस जागा असतो, पण पुरता नाही. पाळकसाहेब सवयीने तीन पायऱ्या चढून वर गेले, उतरत्या मेजावरचं मोठं बायबल, पवित्र शास्त्र, त्यांनी उघडलं आणि सावकाश वाचायला लागले.

वादळात सापडलेल्या होडीचा तो भाग होता. लहानपणापासून सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलेला, की कुणी कान देऊन ऐकत नव्हतं. मध्येच साहेबांचा आवाज थांबला. दोन श्वासांएवढा. आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर एक दिवा तरंगत होता. पाणी चढत होतं तसा तोही वर चढत होता, विझत मात्र नव्हता. होडीतल्या एका कोळ्याने तो ओंजळीत उचलून घेतला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपले हात कापत नाहीयेत.

तिसऱ्या बाकावरची म्हातारी पहिलं गाणं संपलं की डुलकी काढायची; ती ताठ बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

पहिल्या बाकावर हेडमास्तर मात्र मान खाली घालून आपल्या प्रतीत बोट फिरवत होते. ओळ सरली, पान उलटलं, परत मागे आलं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण बोटातलं लाल पेन काही सुटलं नव्हतं. दिवा त्यांना कुठेच सापडेना. सापडणार कसा? त्या पानावर तो नव्हताच.

त्यांच्या मागे दोन बाकं सोडून चष्मेवाली बसली होती. तिला दिवा कुठून आला ते ठाऊक होतं. सबंध मंडळीत तिला एकटीलाच.

चष्मेवालीचं दुकान पुलाच्या अलीकडच्या उतारावर होतं. सासऱ्यांनी थाटलेलं, नवऱ्याने चालवलेलं आणि नवरा गेल्यावर तिने हातात घेतलेलं. भिंतीभर रिकाम्या फ्रेमांच्या रांगा, मागे अंधारी खोली, खोलीच्या टोकाला अक्षरांचा तक्ता. तीन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी पाळकसाहेब तिथे आले होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणाले. तिने तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालत, काढत विचारत राहिली, "आधी बरं की आता बरं?"

"सारखंच," ते म्हणाले.

"आता?"

"तेच गं. पाटीच्या मधोमध कुणीतरी ओलं बोट फिरवलंय बघ. कडेची अक्षरं दिसतात. तुझे कानातले दिसतात, छान आहेत. तुझा चेहरा नाही दिसत."

भिंगांच्या पेटीवरचा तिचा हात तसाच राहिला. या कामात तिची पंचवीस वर्षं गेली होती; हे दुखणं भिंगाने सुटणारं नाही हे तिला लगेच कळलं. तिने त्यांना डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डाग आहे तो वाढेल, कडेचं तेवढं राहील.

परत आले तेव्हा साहेब गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बराच वेळ बसून होते. शेवटी म्हणाले, "हे तुझ्या-माझ्यात राहू दे. वाचता येत नाही म्हटलं की सगळे प्रेमाने सांगतील, साहेब, आता आराम करा. आराम हा शब्द थडग्यावर कोरलेला बरा दिसतो. मला अजून थोडं उभं राहू दे."

आणि तिने शब्द दिला होता.

दर शनिवारी ते आपला फोन वाचून दाखवेल तसा भाग पाठ करत. रविवारी शास्त्र उघडून त्यावर मान झुकवत आणि म्हणत. अडलं तिथे आतून काहीतरी वर यायचं, ते ओघात बोलून टाकत. गेल्या महिन्यात हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीत मेंढराच्या अंगाला ओल्या गवताचा वास आला होता. त्याच्या आधी एका विहिरीवर कुणीतरी आपलंच नाव विसरलं होतं. लोक घरी जाताना त्याबद्दल बोलत. चष्मेवाली कुणाशी बोलत नसे. घरी आल्यावर ती ते शब्द मनात घोळवत बसे, आणि हे काय आहे ते फक्त आपल्याला माहीत आहे, या गोष्टीची तिला एक ऊब वाटे. थंडीत खिशात गरम भुईमुगाच्या शेंगा असाव्यात तशी.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मंडळीचा कारभार पाच पंच बघत होते. पाळकसाहेब, हेडमास्तर, बेकरीवाले काका, जिल्हा इस्पितळातली सिस्टर आणि चष्मेवाली. दोन वर्षांपूर्वी नव्या बाकांवरून हेडमास्तर आणि बेकरीवाल्यांचं असं वाजलं की पाच महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. प्रभुभोजनाचं ताट एकमेकांच्या हातात देताना एक छताकडे बघे, दुसरा चपलांकडे. शेवटी पाळकसाहेबांनी पाचही जणांना तीन संध्याकाळी बसवून घेतलं आणि आपण एकमेकांशी कसं वागायचं ते लिहून काढायला लावलं. शब्दाशब्दावर हुज्जत झाली. सात ओळी झाल्या. हेडमास्तरांनी त्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवल्या आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. उशिरा येणाऱ्याने आधी माफी मागावी, मग कारण सांगावं, असंही त्यात होतं. ते सिस्टरच्या रात्रपाळ्यांमुळे. तिसरी ओळ होती: कुणाविषयी काही म्हणायचं असेल, तर आधी त्यालाच सांगू. पाचवी होती: विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवू. त्यावर बेकरीवाले आपल्या पोटावर हात फिरवून म्हणाले होते, "माझी काही अडचण नाही. जागा भरपूर आहे."

त्या वेळी या दोन ओळी एकमेकींच्या आड येतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बुधवारी हेडमास्तरांची चिठ्ठी आली. उद्या दुपारी तीनला बेकरीच्या मागच्या खोलीत यावे. विषय गंभीर. पाळकसाहेबांना कळवलेले नाही.

चष्मेवालीने चिठ्ठी घडी करून फ्रेमांच्या खणात टाकली, पण दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला तिने दूरच्या नंबराऐवजी जवळच्या नंबराची भिंगं लावून दिली. ते बिचारं दारापर्यंत जाऊन उंबऱ्याला अडखळून परत आलं.

दुकानाच्या वर ती आणि तिची थोरली नणंद, अशा दोघी राहत. वन्सं टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं तारा जोडून निवृत्त झाल्या होत्या. जेवताना त्यांनी भावजयीकडे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच.

"काय गं, ताटातलं काय बोलतंय तुझ्याशी?"

"वन्सं, तुम्ही कधी लोकांचं बोलणं ऐकलंत का हो? तारा जोडताना?"

"छे! शपथ होती आम्हाला." मग घास गिळून, "एकदा ऐकलं. एका बाईला तिच्या भावाचा फोन येत होता, रोज. ती घेत नव्हती. भावाने मला सांगितलं, मी आजारी आहे, ती उचलत नाही. आता तिला मी त्याचं दुखणं सांगितलं असतं तर शपथ मोडली असती. न सांगावं तर जीव राहीना."

"मग काय केलंत?"

"केलं काय? तिच्या दारी जाऊन म्हटलं, बाई, तुमची घंटी वाजतेय. रोज वाजतेय. मी तारा जोडणारी, आत काय आहे ते मी सांगणार नाही. पण वाजतेय हे तर मी बोलू शकते?" वन्संनी पाण्याचा पेला उचलला. "ज्याचा फोन त्याने उचलायचा. आपण मध्येच हॅलो म्हणायचं नाही. पण घंटी वाजत असताना कानात बोळे घालून बसायचं, हेही शपथेत नव्हतं हो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तोंडाळ बाई, पण कुठे थांबायचं ते त्यांना कळत असे.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बेकरीची मागची खोली उबेने भरली होती. सकाळचे पाव विकून झाले होते आणि दुसऱ्या खेपेचं पीठ ओल्या फडक्यांखाली फुगत होतं. खिडकीतून येणाऱ्या उन्हात मैद्याची धूळ तरंगत होती, इतकी हळू, की खोलीतलं सगळंच कुठेतरी खोल पाण्यात चाललंय असं वाटावं. बेकरीवाल्यांनी चार पालथे डबे बसायला ठेवले होते.

हेडमास्तर मात्र उभेच राहिले. खिशातून पत्र काढून त्यांनी वाचून दाखवलं. वरच्या मंडळाला लिहिलेलं, मुद्देसूद, कुठे काना-मात्रेची चूक नाही. पाळक शास्त्रपाठात स्वतःच्या कल्पना मिसळतात. तीन महिन्यांत असे सात वेळा झाले, तारखा सोबत. पाळक जे वाचत असल्याचे भासवतात, ते त्या पानावर नसते. तरी चौकशी व्हावी.

"मास्तर, ऐकायला बरं वाटतं पण ते," बेकरीवाले पुटपुटले. "आमच्या हिला तो दिवा फार आवडला."

"प्रश्न आवडण्याचा नाही. आज होडीत दिवा आला, उद्या हत्ती येईल. मग लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा?"

सिस्टर नखं बघत होती. ती म्हणाली, "मला वाटतं साहेबांना विसरायला होतंय. आमच्या वॉर्डात असे पेशंट येतात. जिथे आठवत नाही तिथे गोष्ट भरतात. मी आईकडेही बोलले परवा. शेजारच्या काकूंकडेही."

चष्मेवालीला एकदम सगळं बोलून टाकावंसं वाटलं. जिभेच्या टोकावर आलं होतं. साहेबांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, एवढं एकच वाक्य बोललं तर काय बिघडणार होतं? पण त्या वाक्याला शेपूट होतं, आणि ते ओढलं की सगळं बाहेर आलं असतं.

पत्र आणि पेन फिरत तिच्याकडे आलं. बेकरीवाल्यांची सही अजून झाली नव्हती. ते तिच्याकडे बघत होते.

"हे साहेबांना सांगितलंय का कुणी?" तिने विचारलं.

"सांगून काय होणार?" हेडमास्तर म्हणाले.

"आपली तिसरी ओळ आहे."

"ती आपसातल्या कुरबुरींसाठी, बाई. हा शास्त्राचा प्रश्न आहे."

"ओळ तुम्हीच लिहिलीत, मास्तर. त्यात कुरबुर हा शब्द नाही."

शब्दावर बोट ठेवलं की हेडमास्तरांना गप्प बसावंच लागे. तो त्यांचा स्वतःचाच नियम होता.

तिने पेन डब्यावर ठेवलं. "मी सही करणार नाही. आणि एक सांगते. मला यातलं काही ठाऊक आहे. काय ते मी सांगणार नाही, ते सांगणं साहेबांचं आहे. पण उद्या चार वाजता मी त्यांच्याकडे जाणार आहे, आणि आज इथे काय बोलणं झालं ते त्यांना सांगणार आहे. तुमच्या माघारी नाही जात. तुमच्यासमोर सांगून जातेय. ज्याला यायचं त्याने यावं."

"म्हणजे तुम्ही तीन महिने आमच्यात बसून लपवत होतात?" हेडमास्तरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आणि आम्हाला तिसरी ओळ शिकवताय?"

ते तिला लागलं. लागलं, कारण खोटं नव्हतं. तिने मान हलवली.

"हो. लपवत होते."

फडक्याखालचं पीठ आपलं आपण फुगत राहिलं. हेडमास्तरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, आणि दार ओढून घेत निघून गेले.

शुक्रवारी चारला चष्मेवाली चर्चच्या फाटकाशी येऊन थांबली. धुकं नव्हतं, पण आभाळ इतकं पांढरं होतं की सावल्याच पडत नव्हत्या. रस्ता, भिंत, झाडं, सगळं कागदावर पेन्सिलीने काढून अर्धवट पुसल्यासारखं. सिस्टरचा निरोप आला होता, ड्यूटी आहे, आणि त्याआधी शेजारच्या काकूंकडे जाऊन आपलं बोलणं परत घेऊन येते आहे. सव्वाचारला बेकरीवाले आले, भुवयांवर मैदा तसाच, काखेत एक पाव. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणाले.

ते दोघे आत वळणार एवढ्यात उतारावरून हेडमास्तर येताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात पत्र. कुणाकडे न बघता ते म्हणाले, "उशीर झाला. माफ करा." आणि कारण सांगितलं नाही.

आत पाळकसाहेब बाकांच्या मधून चालत होते. एक हात बाकांच्या कडांवरून सरकत होता, आणि सदऱ्याच्या खिशातून फोनमधली यांत्रिक बाई वचन वाचत होती, भाजीचा भाव सांगावा तशा एका सुरात. साहेब तिच्यामागून ओठ हलवत होते. पावलं ऐकून ते थांबले, फोन बंद केला आणि मान जराशी तिरकी केली. कडेने बघायची त्यांना तशी सवय लागली होती.

"चष्मेवाली आलीय. पावाचा वास येतोय म्हणजे काका आहेत. तिसरं कोण?"

हेडमास्तर त्यांच्यापासून चार हातांवर, बरोबर समोर उभे होते. एकवीस वर्षांची ओळख. त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि पुढे केलं. पत्र हवेतच राहिलं. साहेबांना ते दिसलं नाही. मग हेडमास्तरांनी एक पाऊल पुढे येऊन ते त्यांच्या हातात दिलं.

साहेबांनी घडी उघडली. कागद उलटा धरलेला होता. क्षणभर त्यांचा चेहरा रविवारसारखा झाला, मान झुकली, ओठ उघडले. आता ते काहीतरी वाचणार, नसलेलं, सुंदर काहीतरी, असं चष्मेवालीला वाटलं. पण त्यांनी ओठ मिटले आणि कागद परत केला.

"मास्तर आहात ना? तुम्हीच वाचा. मला वाचता येत नाही. तीन महिने झाले."

कुठेतरी छपरात पारवा घुमत होता. हेडमास्तरांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. पहिली ओळ त्यांनी वाचली. दुसऱ्या ओळीशी ते थांबले.

"मला नाही वाचवत," ते म्हणाले.

"वाचा. लिहिलंय तेच वाचा, एक शब्द इकडेतिकडे करू नका. तुमच्याकडून तेवढी अपेक्षा आहे माझी."

आणि हेडमास्तरांनी वाचलं. सगळं. तारखांसकट. बंद दाराआड ठणकावून वाचलेलं तेच पत्र त्या माणसासमोर वाचायला त्यांना दुप्पट वेळ लागला. वाचून झाल्यावर ते जवळच्या बाकावर बसले, ज्या बाकांवरून एकेकाळी एवढं रामायण झालं होतं त्यांतल्याच एकावर.

"तिसरं वाक्य खरं आहे," पाळकसाहेब म्हणाले. "मी वाचल्याचं भासवत होतो."

"तुम्हाला दिसत नव्हतं. मला काय माहीत..."

"मला सूट देऊ नका, मास्तर. पहिल्यांदा मी अडखळलो म्हणून ते सुचलं. दुसऱ्यांदा, खरं सांगू? लोक ऐकत होते. वीस वर्षं मी नीट वाचलं तेव्हा त्यांनी जांभया दिल्या, आणि आता श्वास धरून ऐकत होते. मला ते गोड लागलं. तिसऱ्यांदा मी अडलोही नव्हतो."

चष्मेवाली बाकाच्या टोकाशी उभी होती. आता गप्प राहणं सोपं होतं. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

"मलाही गोड लागलं," ती म्हणाली. "मी शब्द पाळला म्हणून नुसती गप्प नव्हते. सगळ्यांत मला एकटीला माहीत आहे, याची चटक लागली होती. साहेब, मी पहिल्याच महिन्यात तुम्हाला म्हणायला हवं होतं की सांगून टाका. म्हटलं नाही. तुम्ही सांगितलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

बेकरीवाल्यांनी काखेतला पाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "माझ्याकडे कबूल करण्यासारखं एवढंच आहे," ते म्हणाले, "की बाईंनी सही केली असती तर मीही केली असती. न वाचता."

साहेब हसले आणि मग सगळेच थोडे हसले, हेडमास्तर सोडून. ते कागदाची घडी पुन्हा पुन्हा दाबत होते.

"मी तुमच्याकडे का आलो नाही, विचारा," ते म्हणाले.

"का आला नाहीत?"

"भीती वाटते मला. पंचेचाळीस पोरांसमोर कधी वाटली नाही. पण एका माणसासमोर बसून, तुमचं चुकतंय असं तोंडावर सांगायचं म्हणजे मी वाट वाकडी करतो. कागदावर मी शूर आहे. काकांशीही पाच महिने म्हणूनच बोललो नव्हतो."

"आणि मी समजत होतो तुम्हाला गर्व आहे," बेकरीवाले म्हणाले.

"तोही आहे."

पत्राचं काय करायचं हे साहेबांनीच ठरवलं. ते फाडायचं नाही, म्हणाले. रविवारी मी मंडळीला सांगेन, मग खाली माझी सही घेऊन पाठवा.

तसंच झालं. रविवारी ते पायऱ्या चढले नाहीत; खालीच बाकांसमोर उभे राहिले आणि सरळ सांगितलं की तीन महिने मी तुम्हाला वाचून दाखवलेलं नाही, आणि जे नव्हतं ते आहे असं सांगितलं. क्षमा करा. मग तिसऱ्या बाकावरच्या म्हातारीने मोठ्याने विचारलं, "मग तो होडीतला दिवा?"

"तो माझा होता, आई."

"मग तसं सांगून सांगा ना!" ती म्हणाली. "दिवा वाईट नव्हता. आमच्यापासून लपवलात ते वाईट."

सगळ्यांनी काही तिच्याइतक्या लवकर सोडलं नाही. एक कुटुंब रागावून नदीपलीकडच्या चर्चला जायला लागलं; त्यातले निम्मे परत आले, निम्मे नाही आले. काहींना दुखणं कळून हळहळ वाटली, आणि ती हळहळ साहेबांना रागापेक्षा जड गेली. चष्मेवालीने पंचपदाचा राजीनामा लिहून आणला. त्यावर बैठकीत जवळजवळ तासभर बोलणं झालं, ती समोर असताना, आणि तो तास तिला आयुष्यभर आठवणार होता. सिस्टर म्हणाली, मला तुमचा राग आला होता, अजून थोडा आहे. बेकरीवाले म्हणाले, मला नाही आला. हेडमास्तर म्हणाले, "राजीनाम्यात व्याकरणाच्या दोन चुका आहेत. नीट लिहून आणेपर्यंत स्वीकारता येणार नाही." तिने पुन्हा लिहिला नाही आणि कुणी मागितला नाही.

वरच्या मंडळाने साहेबांना दीड वर्ष दिलं. दीड वर्षाने नवे पाळक येणार आणि चर्चमागचं घर रिकामं करावं लागणार. बेकरीवर एक खोली होती. काकांनी तिला चुना मारायला घेतला आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी ओढली, कडेने बघणाऱ्याला दिसेल अशी.

शास्त्रपाठ आता हेडमास्तर वाचत. पहिले काही रविवार ते शुद्धलेखन घातल्यासारखं वाचत, स्वल्पविरामाला बरोबर एक मोजून थांबत. मग साहेब उठत आणि बोलत, आणि जिथे स्वतःचं काही सांगायचं तिथे आधी म्हणत, हे माझं आहे. लोक ऐकत. पूर्वीइतके श्वास धरून नाही, पण ऐकत.

शनिवारी दुपारी हेडमास्तर साहेबांच्या घरी जात आणि उद्याचा भाग त्यांना तीन-चारदा वाचून दाखवत. दोघांची त्यावर भांडणं होत, ती फाटकापर्यंत ऐकू येत. साहेब म्हणत, या माणसाचं दुःख जरा आवाजात येऊ द्या. हेडमास्तर म्हणत, तिथे दुःख असा शब्द नाही.

अशाच एका शनिवारी चष्मेवालीला उतारावरून जाताना घरातून काहीच ऐकू आलं नाही. तिला काळजी वाटली. ती फाटक उघडून आत गेली. पुढच्या खोलीत खिडकीतून मधासारखं ऊन आलं होतं आणि त्यात सगळं थबकल्यासारखं दिसत होतं. हेडमास्तर खुर्चीत मागे रेलून झोपले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवरच्या शास्त्रात बोट तसंच अडकलेलं. समोर पाळकसाहेब मान तिरकी करून बसले होते आणि त्यांच्या घोरण्याकडे कान लावून ऐकत होते.

तिची चाहूल लागताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "इथपर्यंत फार छान वाचत होते. आता कुठे डोळा लागलाय."

ती दाराशी चपला काढून, पाय न वाजवता आत आली आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसली.